मदत हवी आहे : मेसोपोटेमियात गेलेल्या पणजोबांच्या मृत्यूचे ठिकाण व तारीख कशी शोधावी?

सर्व सदस्यांस सप्रेम नमस्कार.

मी लष्कराच्या सिग्नल्स (संदेशवहन) विभागातून चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर हवालदार म्हणून निवृत्त झालो असून सध्या रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातील आमच्या मूळ गावी राहतो. माझे पणजोबा, म्हणजे वडिलांचे आजोबा, पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये, गेले आणि परत आले नाहीत. ते नेमके कोठे आणि कोणत्या दिवशी वारले, एवढेच मला शोधायचे आहे. पेन्शन, जमीन किंवा सवलत यांपैकी कशाशीही या चौकशीचा संबंध नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण यापूर्वी जेथे जेथे विचारले तेथे पहिला प्रश्न तोच आला.

तारीख हवी आहे ती तिथीसाठी. पणजोबांची तिथी ठाऊक नसल्यामुळे आमच्या घरी त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला होते. भाऊबंदांचे म्हणणे असे की लढाईत पडलेल्या माणसाचे श्राद्ध पितृपक्षातील चतुर्दशीला करावे, कारण शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी ती तिथी राखलेली आहे. पणजीने ते कधीच मानले नाही. “ते गोळीने गेले असे मला कोणी सांगितलेले नाही,” एवढेच ती म्हणत असे. पलटणीचा कागद हाती येईपर्यंत तिने कुंकू पुसले नव्हते, आणि तो कागद युद्ध संपल्यानंतर बऱ्याच काळाने आला, असे वडील सांगत. तो कागद आज घरात नाही. पणजी १९६२ मध्ये गेली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो.

घरात ज्या वस्तू आहेत त्या अशा. एक, पितळी झाक असलेले चांदणीच्या आकाराचे पदक, ज्याच्यावर १९१४-१५ असे साल आहे. दोन, हाताच्या पंज्याएवढी जड कांस्याची चकती, जिच्यावर सिंह आणि त्रिशूळ घेतलेली स्त्री असून चौकटीत पणजोबांचे नाव इंग्रजी अक्षरांत उठावात आहे. हुद्दा नाही, पलटण नाही. चांदीचे एक गोल पदकही होते, ते आजोबांच्या काळात अडचणीच्या वर्षी मोडले. तीन, मोडी लिपीतले एक कार्ड. हे कार्ड मी गेल्या वर्षी एका मोडी वाचकाकडून वाचून घेतले. त्यावर आषाढ, शके १८३७ असे आहे, म्हणजे १९१५ चा जुलै किंवा त्याच्या आसपासचा काळ. मजकूर चार ओळींचा आहे : अमारा येथे आहोत, उष्मा फार आहे, खजूर पुष्कळ, मुलास देवी टोचून घेणे. हे मूल म्हणजे माझे आजोबा, त्या वेळी दोन वर्षांचे.

चांदणीच्या पाठीवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली आहे, परंतु दर दसऱ्याला कोयता, विळा आणि ही पदके पाटावर मांडून पूजा करण्याची आमच्याकडे रीत असून त्याआधी ती चिंचेने लख्ख घासली जात. शंभर वर्षांच्या त्या घासण्याने अक्षरे जवळजवळ सपाट झाली आहेत. क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे ८४७ आहेत, त्याआधी १ आहे की २ ते कळत नाही. पलटणीच्या आकड्यातील ११ स्पष्ट आहे, तिसरा आकडा शून्य असावा किंवा सहा, त्यापुढे ‘एल. आय.’ ही दोन अक्षरे वाचता येतात.

मी संबंधित एका कार्यालयाकडे दोन वेळा रजिस्टर पत्राने विचारणा केली. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही, दुसऱ्याला ‘सेवा क्रमांक पूर्ण कळवावा’ असे एका ओळीचे उत्तर आले. पूर्ण क्रमांकच तर मला हवा आहे.

हा धागा आता काढण्याचे आणखी एक कारण सांगतो. महायुद्धांतील मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या ४५,००० ते ५४,००० जणांचे, ज्यांत भारतीय आणि आफ्रिकी लोकच बहुसंख्य होते, स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही, आणि आणखी किमान १,१६,००० जणांची नावे बहुधा कोठेच लिहिली गेली नाहीत, अशी कबुली त्यात आहे. मी स्वतः वर्दी घातलेली असल्यामुळे हे वाचून मला फार वाईट वाटले. पलटणीत साधा बूट हरवला तरी त्याची नोंद होते. तेव्हा माझे प्रश्न असे : माझ्या पणजोबांची पलटण कोणती, त्यांचे नाव कोठे तरी असेल का, आणि शोध कोणत्या टोकाकडून सुरू करावा?

प्रतिसाद (पुण्याहून, मेसोपोटेमिया मोहिमेची अभ्यासक)

काका, नमस्कार. आपण वर्णन केलेल्या चकतीवरून एक गोष्ट निश्चित होते : ती युद्धसेवेत मृत्यू पावलेल्या माणसाच्या जवळच्या नातेवाइकालाच देत असत. मरणात लहानमोठा भेद नको म्हणून तिच्यावर हुद्दा मुद्दामच घातलेला नसतो. म्हणजे आपल्या पणजोबांच्या मृत्यूची नोंद सरकारदरबारी झालेली होती, ते केवळ बेपत्ता म्हणून सोडून दिलेले नव्हते.

पलटणीविषयी. त्या काळी मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या. १०३, १०५ आणि ११० या ‘मराठा लाइट इन्फंट्री’ म्हणवत, तर ११४, ११६ आणि ११७ या नुसत्या ‘मराठाज्’. ‘एल. आय.’ ही अक्षरे लाइट इन्फंट्रीची असल्यामुळे ११६ बाद होते आणि ११० च उरते. कार्डही याला दुजोरा देते. ११० वी पलटण सहाव्या पूना डिव्हिजनच्या १८ व्या ब्रिगेडमध्ये होती, आणि या डिव्हिजनने जून १९१५ च्या आरंभी अमारा घेतले होते.

यापुढचा भाग जड आहे, पण आपण सैनिक आहात म्हणून सविस्तर लिहिते. हे सैन्य टायग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेले. सप्टेंबरअखेरीस त्याने कूत घेतले आणि २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे तुर्कांशी मोठी लढाई दिली. तिथली हानी एवढी होती की पुढे जाणे अशक्य झाले. माघार घेत सैन्य ३ डिसेंबरला कूतला परतले आणि ७ डिसेंबरपासून वेढ्यात सापडले. मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी त्या वेढ्यात होत्या. धान्य संपत आले तसे घोडे आणि खेचरे मारून खाण्याची वेळ आली. हिंदी शिपायांनी धर्माच्या कारणाने ते मांस पुष्कळ दिवस घेतले नाही आणि तुटपुंज्या पिठावर राहिल्यामुळे त्यांच्यात स्कर्व्ही (अपुऱ्या आहाराने हिरड्या सुजून रक्त येण्याचा रोग) पसरला. वेढा फोडण्यासाठी खालून आलेल्या फौजांना यश आले नाही. जवळजवळ पाच महिन्यांनंतर, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३,००० माणसे शरण गेली. हिंदी शिपायांना त्यांच्या अधिकाऱ्यांपासून वेगळे करून समाऱ्यापर्यंत रेल्वेने आणि तेथून तिक्रित, मोसुल या मार्गाने वाळवंटातून चालवत रास-अल-ऐनकडे नेण्यात आले आणि बगदाद रेल्वेच्या बांधकामावर लावण्यात आले. वाटेत आणि छावण्यांत फार माणसे गेली.

म्हणून आपल्या प्रश्नाची उत्तरे चार असू शकतात : टेसिफॉनची लढाई, कूतचा वेढा, कैद, किंवा यांपैकी कोठेही न जाता अमाऱ्याच्या इस्पितळात आलेला मृत्यू. अमाऱ्यात आजाऱ्यांची आणि जखमींची मोठी इस्पितळे होती. तिथे नदीच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. तीत सुमारे ५,००० जणांचे स्मरण केले जाते आणि त्यांतील केवळ नऊ जणांची ओळख पटलेली आहे, कारण दफनाच्या पुरेशा नोंदीच ठेवल्या गेल्या नाहीत. हे वाक्य मी अनेक वर्षांपूर्वी प्रथम वाचले आणि आजही ते मला सहज लिहिता येत नाही.

ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,००० हून अधिक जणांसाठी बसऱ्याला स्मारक उभारले, त्याचे अनावरण १९२९ मध्ये झाले. त्यावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या शिपायांची मात्र प्रत्येक पलटणीपुढे केवळ संख्या कोरली. शिपायांची नावे कागदी नोंदवहीत होती आणि ती आता कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथे नावाने शोधू नका. इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेले नाव आपल्याला ओळखू येत नाही. पलटण निवडा, साल १९१५ ते १९१७ घाला आणि सर्व नोंदी एकेक करून पाहा. पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. गावाचे स्पेलिंग मोठ्याने म्हणून पाहावे, कानाला ते पटकन कळते. सध्याचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, त्यामुळे ‘रत्नागिरी’ एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

कैदेची शक्यता तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने १९१४ ते १९१८ मधील युद्धकैद्यांची नोंदपत्रे ऑनलाइन ठेवलेली आहेत, तीही पाहावीत. एक सावधगिरी मात्र बाळगावी. जे बेपत्ता होते त्यांचा मृत्यू कागदोपत्री एखाद्या गृहीत दिवशी धरत असत. एकाच तारखेवर अनेक माणसे दिसली, तर ती तारीख खरी मानण्याआधी थांबावे.

प्रतिसाद (निवृत्त सुभेदार, सातारा)

राम राम हवालदार. बाईंनी सांगितले ते सर्व योग्य आहे, मी केवळ पलटणीच्या वंशावळीची भर घालतो. १९२२ च्या पुनर्रचनेत ११० वी पलटण ‘तिसरी बटालियन, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली. याच बटालियनचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, इटलीत १० जुलै १९४४ रोजी एकट्याने मशिनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर नाही, नाव इटलीतील कॅसिनो या गावच्या युद्धस्मारकावर आहे. पुढे १९५२ मध्ये ही बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली आणि दुसरी पॅरा झाली. म्हणून बेळगावच्या मराठा सेंटरला लिहाल तेव्हा दुसऱ्या पॅरालाही लिहा. पत्रात ‘११० वी मराठा’ हे जुने नाव आणि ‘तीन मराठा’ हे नंतरचे नाव, दोन्ही घाला. नाहीतर पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

गावात चावडी, शाळा किंवा देवळाच्या आवारात संगमरवरी पाटी आहे का, तेही बघा. ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले’ अशा पाट्या सरकारने लावल्या होत्या. नावे नसतात, पण आकडा कळतो. चुन्याखाली किंवा ऑइलपेंटखाली गेलेली असेल तर हाताने चाचपून पाहा.

आणि ते पदक आता चिंचेने घासू नका. खोलीत अंधार करून बॅटरी पदकाच्या कडेला, अगदी आडवी धरा. खाचेत सावली पडते आणि समोरून न दिसणारा आकडा दिसतो.

धागाकर्ता

बाई आणि सुभेदारसाहेब, आपल्या दोघांचे आभार कसे मानावेत हे मला कळत नाही. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण नोंदी पाहायला एवढा वेळ लागला. नातीने संगणकावर एकेक नोंद उघडावी आणि मी गाव मोठ्याने वाचावे, असे आम्ही रोज रात्री जेवणानंतर बसत होतो. गावेच्या गावे ओळखीची निघाली. ज्या वाड्यांवर मी लग्नकार्याला जेवून आलो आहे, तिथली माणसे त्या यादीत आहेत, आणि तिथल्या घरांना ते ठाऊक नसावे. यादी वहीत उतरवून घेतली आहे, पावसाळा संपला की प्रत्येक घरी स्वतः जाऊन सांगणार आहे.

पाटी सापडली. शाळेच्या जुन्या इमारतीच्या भिंतीत, निळ्या रंगाखाली होती. गावातून एकोणीस गेले, चार परतले नाहीत.

पणजोबांच्या नावाचे दोन शिपाई ११० व्या पलटणीत होते, दोघेही खेड तालुक्यातले. एकाचा मृत्यू नोव्हेंबर १९१५ मध्ये, टेसिफॉनच्या लढाईच्या दिवशी नोंदलेला आहे, दुसऱ्याचा ऑगस्ट १९१६ मध्ये, म्हणजे कैदेत. वडिलांचे नाव एकाही नोंदीत दिलेले नाही. गावाचे स्पेलिंग एका नोंदीत आमच्या गावाशी जुळते, दुसऱ्यात आमच्या आणि शेजारच्या गावाच्या मधले काहीतरी आहे. पहिल्याचा क्रमांक १८४७ आहे, दुसऱ्याचा २८४७.

सुभेदारसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे अंधारात बॅटरी आडवी धरून पदकाचे चार फोटो काढले आहेत आणि ते खाली जोडतो. पहिल्या आकड्याच्या तळाशी एक बारीक आडवी रेघ मला दिसते, आणि ती खरी असेल तर तो आकडा २ आहे आणि पणजीचे म्हणणे बरोबर होते. परंतु मला काय दिसावेसे वाटते हे मला ठाऊक आहे, म्हणून माझ्या एकट्याच्या नजरेवर मी हे ठरवू इच्छित नाही. ज्यांनी या काळातील पदकांवरचे कोरीवकाम पाहिले आहे त्यांनी कृपया तिसरा आणि चौथा फोटो मोठा करून पाहावा आणि ती रेघ आकड्याची आहे की घासल्याचा ओरखडा, हे कळवावे. पितृपक्षाला अजून सात आठवडे आहेत.