प्रमोशनच्या मुलाखती वेगळ्या, गप्पा वेगळ्या
"सेलिब्रिटींचे पॉडकास्ट म्हणजे दोन तासांची जाहिरात" हे पॉडकास्टवरच्या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत नवा चित्रपट घेऊन फिरणाऱ्या पाहुण्यांपुरतं मला अगदी पटतं. त्याच चार आठवणी, त्याच जागी तेच हसू. पण म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजू नका. कुणी बोलवलंय आणि कशासाठी, यावर बरंच काही ठरतं.

जुनी मालिका पुन्हा बघत एकेका भागावर बोलणारे पॉडकास्ट या चर्चेत आलेच नाहीत. अमेरिकन विनोदी मालिका 'द ऑफिस'मधल्या अभिनेत्री जेना फिशर आणि अँजेला किन्सी यांनी 'ऑफिस लेडीज' सुरू केला २०१९ मध्ये. मालिका २०१३ लाच संपली होती, त्यामुळे तिचं प्रमोशन करायची घाई कुणालाच नव्हती. मग बोलणं कामावर येतं: प्रसंग कसा सुचला, टेकच्या मध्येच कुणाला हसू आवरलं नाही, कुठलं दृश्य कापलं गेलं. पडद्यामागच्या माणसांनाही तिथे निवांत बोलायला मिळतं, हे मला फार मोलाचं वाटतं. 'स्मार्टलेस' या दुसऱ्या पॉडकास्टची युक्तीही छान आहे. पाहुणा कोण हे तीन सूत्रधारांपैकी एकालाच ठाऊक असतं, बाकीचे दोघे तिथल्या तिथे सुचेल ते विचारतात.