पंचगंगेकाठचे बारीक भुंगेरे : टॅकिस की बेंबिडियॉन?

प्रश्न
पावसाळ्यात पंचगंगेचे पात्र फुगून ओसरले की कोल्हापुरात काठावर जो गाळ राहतो, त्याच्या भेगांत मला दरवर्षी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचे, तपकिरी, चकचकीत भुंगेरे दिसतात. ढेकूळ उचलताच ते दुसऱ्या भेगेत शिरतात. ते कॅरॅबिडी या कुलातले आहेत एवढे मला समजते. मात्र अशा भुंगेऱ्यांना एका यादीत बेंबिडियॉन, दुसरीत टॅकिस आणि तिसरीत टॅकियुरा म्हटले आहे. नोंदवहीत मी काय लिहावे?

उत्तर १
आधी तोंडाजवळचे स्पर्शक पाहावेत. त्यांचा शेवटचा खंड सुईसारखा बारीक आणि त्याआधीचा फुगीर असेल, तर भुंगेरा याच मंडळींपैकी आहे. हे लक्षण बेंबिडियॉन आणि टॅकिस या दोन्ही प्रजातींत सारखे असल्यामुळे टॅकिसवर्गीयांना बेंबिडिनी या ट्राइबचाच (ट्राइब म्हणजे कुल आणि प्रजाती यांच्या मधला गट) एक पोटगट मानले जात असे. आता टॅकिनी ही स्वतंत्र ट्राइब धरली जाते. (प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज या अर्थाने मी लिहीत आहे; मराठीत या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते.)

दोघांना वेगळे करणारी खूण पाठीवर आहे. पुढचे कडक पंख जिथे एकमेकांना मिळतात, त्या सांध्यालगतची रेघ टॅकिनींमध्ये टोकापर्यंत जाऊन आकड्यासारखी पुन्हा पुढे वळते. शिवाय पुढच्या पायाच्या नडगीचे टोक बाहेरून तिरके छाटल्यासारखे असते. हातातल्या भिंगाने हे नीट दिसणार नाही, सूक्ष्मदर्शकच हवा.

उत्तर २
तिन्ही नावांमागे इतिहास आहे. बेंबिडियॉन हे नाव लात्रेय यांनी १८०२ मध्ये आणि टॅकिस हे देजाँ यांनी १८२१ मध्ये दिले. पुढे टॅकिस हे इतके मोठे गाठोडे झाले की अँड्र्यूज यांनी १९२५ मध्ये आशियाई जातींचा आढावा घेतला तोही त्याच एका नावाखाली. मोचुल्स्की यांच्या १८६२ च्या टॅकियुराला काही अभ्यासक स्वतंत्र प्रजाती मानतात, तर काही त्यांच्याच १८३९ च्या एलॅफ्रोपसची उपप्रजाती. म्हणून जुन्या यादीतले ‘टॅकिस’ चुकीचे ठरवू नये; ते व्यापक अर्थाने वाचावे. जातीपर्यंत जायचे असेल, तर नराच्या जननेंद्रियाची तपासणी बहुधा करावीच लागते, त्यामुळे काही नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवावेत.

प्रश्नकर्ता
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. काल चार नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तिघांच्या पंखांवरची रेघ टोकाशी स्पष्ट वळलेली आहे आणि नडगीही तिरकी आहे. चौथा जरा मोठा असून त्याची रेघ वळत नाही, नडगीचे टोकही सरळ आहे. एकाच भेगेतले दोन गट मी इतकी वर्षे एका नावाखाली लिहीत होतो. पहिल्या तिघांपुढे आता ‘टॅकिनी, प्रजाती अनिश्चित’ असे लिहिले आहे. चौथ्याचे स्पर्शक आज पाहतो.