फियाट क्लबात मारुती घ्यायची का?

किंगपिन

पुढच्या बैठकीत ठराव येतोय. कोल्हापुरातल्या आपल्या फियाट क्लबाचं सभासदत्व मारुती ८००, ॲम्बेसेडर, कॉन्टेसा, थोडक्यात वीस वर्षांपुढच्या कुठल्याही गाडीला खुलं करायचं म्हणे. माझा विरोध आहे. कारणं मांडतो, मग खुशाल झोडपा.

नव्या पोरांसाठी मागचं थोडं. क्लब सुरू झाला तेव्हा फियाट ही हौस नव्हती, डोकेदुखी होती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. किंमत सरकार ठरवणार (त्यावरून फियाट बनवणारी प्रीमियर कंपनी सुप्रीम कोर्टात गेली होती, १९७१ चा निकाल आहे). आणि एकदाची गाडी दारात आली की पार्टसाठी पुन्हा वणवण. डॉक्टर, वकील, गूळ व्यापारी एकत्र आले ते काही गाडीच्या प्रेमापोटी नव्हे, मुंबईला निघणाऱ्याच्या खिशात चिठ्ठी कोंबता यावी म्हणून. ऑपेरा हाऊसहून दोन सेट सीबी पॉइंट (ठिणगीचे), एक किंगपिन किट (पुढच्या चाकांच्या खिळ्यांचा संच), एसी पंपाचा म्हणजे गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम. कुणाची गाडी आंबा घाटात वेपर लॉक होऊन (पेट्रोलची पाइपातच वाफ होऊन) अडली आणि पंपावर ओलं फडकं टाकूनही हलेना, तर फोन क्लबातल्याच कुणाला तरी जायचा.

१९८३ अखेर मारुती आली आणि ही गरज ओसरत गेली. क्लब कुणी मोडला नाही, भांडणही झालं नाही, माणसं यायची थांबली. २००० च्या सुमारास पद्मिनीचं (फियाटचंच नंतरचं नाव) उत्पादन बंद झालं तोवर वर्षातून एकदा पन्हाळ्यावर झुणका-भाकर आणि गेलेल्या सभासदांना श्रद्धांजली एवढाच कार्यक्रम उरला होता.

लॉकडाऊननंतर आजोबांच्या गाड्यांवरच्या ताडपत्र्या निघाल्या. आता रविवारी रंकाळ्यावर रांग लागते, फोटो निघतात, लग्नाला गाडी मागायला लोक येतात. आनंद आहे. पण पार्टची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट आहे, आणि त्याचं कारण कुणी बोलत नाही. फियाट आपण जगवलीच नव्हती. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी जगवली. नव्वदच्या दशकात तिथं साठ हजारांच्या आसपास काळ्या-पिवळ्या होत्या, बहुतेक पद्मिनी. त्या रोज झिजायच्या म्हणून बुश, लायनर, क्लच प्लेट बनत राहिल्या आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत मिळत राहिल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरली, ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. आपण हळहळत स्टेटस ठेवले. गिऱ्हाईकच गेलं तर माल बनवणारा कुणासाठी थांबणार?

म्हणून म्हणतो, क्लबाचं काम एकच: ह्या एका गाडीचे पार्ट. मारुतीवाला आला तर वर्गणी वाढेल, पण त्याला आपला ब्रेक ड्रम काय कामाचा?

चोक_ओढा

किंगपिनकाका, टॅक्सीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बाकी इतिहास सोयीने सांगितलात.

मारुतीमुळे क्लब बसला म्हणता. मग १९८५ नंतर ११८ एनई घेणाऱ्यांचं काय झालं? प्रीमियरचीच गाडी, बॉडी फियाट १२४ ची. तरी 'इंजिन निसानचं आहे, ही फियाट नव्हे' म्हणून त्यांना सभासद करून घ्यायचं की नाही यावर आपल्याकडे बैठकांवर बैठका झाल्या. माझे वडील त्यातलेच. त्यांनी शेवटी नाद सोडला. ती पिढी आत आली असती तर श्रद्धांजली वाहायला तरी चार माणसं जास्त असती.

दार लावून बसायची सवय जुनी आहे, एवढंच म्हणायचंय.

अँबीवाला_सांगली

आम्हाला आत घ्यायचं की नाही यावर आमच्यासमोरच चर्चा. चालू द्या. मी चहा घेऊन बसलोय.

किंगपिन

@चोक_ओढा, तुझ्या वडिलांना मी ओळखतो. ११८ एनईचा वाद मूर्खपणाचा होता, तेव्हाही मी तसंच बोललो होतो. पण एनईवाला आणि ८०० वाला यात फरक आहे. ८०० चे पार्ट आजही कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. त्याला क्लब हवा तो गप्पांना.

वेपरलॉक

गप्पांना नाही काका, आरटीओला.

२०२१ च्या नियमात विंटेज म्हणजे पन्नास वर्षांपुढची गाडी. नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांसाठी, 'व्हीए' वाली वेगळी नंबरप्लेट, आणि रोज चालवायची नाही. आपल्या क्लबात बहुतेक गाड्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या. १९९० ची पद्मिनी २०४० मध्ये विंटेज होणार! तोवर दर पाच वर्षांनी पासिंग, पर्यावरण कर वेगळा. पुनर्नोंदणीचे सहाशे रुपये २०२२ मध्ये पाच हजार झाले, २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांना दहा हजार. म्हणजे आपण ना धड जुने ना धड नवे.

हा प्रश्न फियाटचा नाही, वीस ते पन्नास वर्षं वयाच्या प्रत्येक गाडीचा आहे. मुंबईत किंवा दिल्लीत जाऊन कुणी बोलायचं ठरवलं तर मूठभर फियाटवाल्यांना दारात तरी उभं करतील का? ८०० वाल्यांची संख्या बघा. मी ठरावाच्या बाजूने.

गॅरेजची_पायरी

दोन्ही बाजूंचं वाचलं. माझं वेगळंच आहे.

माझे वडील मिस्त्री. ह्या क्लबातल्या निम्म्याअधिक गाड्यांचं इंजिन त्यांच्या हातून उघडलंय. कार्बोरेटरचं जेट फुंकून, कानाजवळ धरून सांगायचे की कचरा गेला की नाही. टायमिंग लाइट नव्हता. डेल्को (ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर) हातानं फिरवत इंजिनाचा आवाज बसला की बोल्ट आवळायचे. पन्हाळ्याच्या सहलीला ते दरवर्षी जायचे, सगळ्यात शेवटच्या गाडीतून, हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन. सभासदत्व? 'मालकांचा क्लब आहे, मिस्त्री.' जेवायलाही मालक मंडळींचं उरकल्यावर.

तेव्हा मारुती घ्या, नका घेऊ. ज्यांना ह्या गाड्या कळतात ते लोक म्हातारे झालेत, त्यांच्या हाताखाली नवीन पोरगं कुणी नाही. घटनेतला 'मालक' हा शब्द आधी काढा.

एमएच०९_खालीबसवलेली

लै भारी लिहिलंय भावा.

मी सभासद होऊन वर्ष झालं. प्रत्येक रविवारी कुणीतरी माझ्या गाडीला नावं ठेवतं. अलॉय का घातले, खाली का बसवली, इंजिन कुठलं आहे. गाडी भंगारात निघाली होती, मी वाचवली. रील बघून तीन तालुक्यांतून पोरं येतात ती जुन्या मंडळींची श्रद्धांजली ऐकायला येत नाहीत, राव.

वेपरलॉक

गाडी वाचवलीस त्याबद्दल धन्यवाद, मनापासून. पण इंजिन बदलणं हा चवीचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच (नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायचा नाही), २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही त्याच बाजूचा आहे. आणि विंटेजसाठी चॅसिस, बॉडी, इंजिन मूळचं लागतं. तुझी गाडी पन्नास वर्षांची झाली तरी ती प्लेट मिळायची नाही.

एमएच०९_खालीबसवलेली

तोवर पेट्रोल तरी मिळेल का? ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मुळे मागच्या पावसाळ्यात माझे पेट्रोलचे पाइप बोटानं चुरा होतील इतके गेले. मूळ इंजिनवाल्यांनी ह्याचं काय केलंय तेवढं सांगा.

मोल्डिंगसँड

ह्याला उत्तर आहे. इथेनॉलला जुनं रबर टिकत नाही, व्हिटॉन हे खास रबर टिकतं. पाइप बाजारात मिळतात. अडतो तो एसी पंपाचा डायफ्राम. तो व्हिटॉनचा कापून घेता येईल, पण चार नगांसाठी कुणी साचा करत नाही.

इथंच किंगपिनकाकांचं मला पटतं. मी फाउंड्रीत आहे. ब्रेक ड्रमचं घ्या. आपल्या गाडीला चारही चाकांना ड्रम, आणि लेथवर मारून मारून ते इतके पातळ झालेत की पुढच्या खेपेला मारायला काही उरायचं नाही. कोल्हापुरात बसून आपण ड्रमसाठी मुंबईच्या भंगारात हात घालतो, ह्याची खरं तर लाज वाटायला हवी. शिरोलीत ओतकाम, उद्यमनगरात मशिनिंग, आणखी काय पाहिजे? पण पॅटर्नचा (ज्यावरून ओतायचा साचा बनतो त्या नमुन्याचा) खर्च एकदाच होतो आणि तो नगांवर वाटला जातो. वीस नग केले तर कुणी घेणार नाही असा भाव येतो, दोनशे केले तर परवडतो. दोनशे ड्रमचं गिऱ्हाईक हे पुणे, सांगली, बेळगाव, नाशिक इथले फियाटवाले. म्हणजे क्लब वाढवायचाच असेल तर गाड्यांच्या जातींनी नको, गावांनी वाढवा.

जुना_पासिंगवाला

आणि जॉबवर्कचा ड्रम घाट उतरताना तडकला तर? क्लबाचं नाव घेऊन लोक येतील. पदाधिकाऱ्यांनी पोलीस ठाण्यात बसायचं का? भंगारातला का होईना, कंपनीचा ड्रम बरा.

मोल्डिंगसँड

पन्नास वर्षं तापून थंड झालेला, मापाबाहेर गेलेला ड्रम कंपनीचा आहे म्हणून सुरक्षित? दादा, जुना ड्रम कापून त्याची धातूची ग्रेड तपासून घेता येते, स्पेक्ट्रोमीटर इथल्या चांगल्या फाउंड्रीत असतोच. त्याच ग्रेडचं ओतायचं, प्रत्येक नगाची कडकपणाची चाचणी घ्यायची, बॅलन्सिंग करायचं. खर्च येतो, नाही म्हणत नाही.

जुना_पासिंगवाला

चाचणीचा कागद फाउंड्री स्वतःच्या नावावर देणार असेल तर माझी हरकत नाही. नुसता तोंडी शब्द नको.

अँबीवाला_सांगली

चहा संपला. निर्णय काय?

चोक_ओढा

माझं मत बदललेलं नाही. ड्रम करा, जरूर करा, पण आरटीओसमोर वेपरलॉक म्हणतो तशी गर्दीच लागणार. सगळ्या जुन्या गाड्यांची वेगळी आघाडी करा, क्लब त्यात एक. मग काकांची फियाट पवित्र राहील.

किंगपिन

आघाडी चालेल. सभासदत्व खुलं करायला माझा विरोध कायम, बैठकीतही तसंच बोलणार. गॅरेजच्या पायरीचा मुद्दा मात्र दुरुस्ती म्हणून मीच मांडतो: ह्या गाडीवर काम करणारा प्रत्येक माणूस सभासद, मतासकट. माझ्याकडे डुक्कर फियाटच्या काळापासूनचं मिनिट-बुक आहे, घटनेची मूळ प्रतही त्यातच आहे, ती घेऊन येतो.

मोल्डिंगसँड, कापायला ड्रम मी देतो. डावीकडचा, पुढचा. घरी येऊन घेऊन जा, संध्याकाळी सहानंतर.

गॅरेजची_पायरी

दुरुस्ती आधी मतदानाला टाका, मारुतीचा ठराव नंतर. म्हणजे त्यावर मिस्त्रींनाही हात वर करता येईल.