स्पीकर गप्प, हीटसिंक मात्र पेटलंय: दोन एलएम3886 अँप-चिपची बॅलन्स्ड जोडणी

माळ्यावरचा_मिरजकर
मिरजेतनं लिहितोय. बाबा तंबोरे करतात, मी दुकानाच्या माळ्यावर सोल्डर घेऊन बसतो. मिक्सरपासून अँपपर्यंत चाळीस फूट वायर, तीही पॉलिशच्या मोटरीला घासून जाते. साध्या आरसीए वायरीतनं सगळी घरघर आत यायची, म्हणून बॅलन्स्ड करायला घेतलं, म्हणजे सिग्नल दोन वायरींतनं उलटसुलट पाठवायचा आणि शेवटी दोन्हींतला फरक तेवढा घ्यायचा.

एक्सएलआर (तीन पिनांचा माइकवाला कनेक्टर) त्याची 2 नंबर पिन एका 3886ला, 3 नंबर दुसऱ्याला, 8 ओहमचा स्पीकर दोन्ही आउटपुटच्या मध्ये. ट्रान्सफॉर्मर 18-0-18, म्हणजे डीसी दोन्हीकडे 25 व्होल्टच्या आसपास. आउटपुटकडून मागे येणाऱ्या फीडबॅकला 20के (20 हजार ओहम) रेझिस्टर, आणि दोन्ही चिपच्या 9 नंबर पिनांमध्ये, म्हणजे उलट्या इनपुटांमध्ये, एकच 2के. त्यातनं ग्राउंडला काही नाही. ऑपअँपवाल्या इन्स्ट्रुमेंटेशन सर्किटात असतं तसंच. कागदावर झकास दिसतं राव!

इनपुट शॉर्ट केला की स्पीकर एकदम गप्प, त्याच्या टोकांवर 9 मिलिव्होल्ट डीसी. पण पाच मिनिटांत हीटसिंकला बोट लावता येत नाही. काल झोबेलचा (आउटपुटवर चिप स्थिर ठेवणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) 2.7 ओहम रेझिस्टर तपकिरी पडला. खालून आई ओरडली, कुकरची रिंग जळली का बघ.

कृष्णाकाठ_78
चिप आणि हीटसिंकच्या मध्ये मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) घातलाय ना? 3886च्या टी प्रकाराची धातूची पाठ निगेटिव्ह सप्लायला असते. हीटसिंक डब्याला टेकलं की खेळ खल्लास.

माळ्यावरचा_मिरजकर
टीएफ आहे, प्लॅस्टिक पाठीची. ते तपासलं.

विश्रामबाग_रिपेअर
मायकाचा घोळ असता तर फ्यूज आधी उडाला असता. झोबेल जळला म्हणालात तिथंच अर्धं उत्तर आलं. तो रेझिस्टर 0.1 मायक्रोफॅरड कपॅसिटरच्या मागे बसलेला असतो, गाण्याबजावण्यात त्याला जेमतेम करंट मिळतो. तो जळतोय म्हणजे लाखो हर्ट्झचं काहीतरी चाललंय. चिप ऑसिलेट होतायत, म्हणजे सिग्नल नसताना आपणहूनच थरथरतायत.

स्पीकरला कळत का नाही? शर्यतीतले दोन्ही बैल एकदम उधळले तर जू वाकडं होतं का? तुमच्या दोन्ही चिप एकाच दिशेनं हलतायत, स्पीकरला मिळतो फक्त फरक. आणि फरक शून्य.

दोष त्या एकट्या 2केचा. सिग्नल उलटसुलट आला की त्याच्या मधोमध आपोआप ग्राउंड तयार होतं, गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) 21. दोन्हीकडे सारखंच आलं तर त्यातनं करंटच जात नाही, म्हणजे तो नसल्यासारखा, आणि प्रत्येक चिपचा गेन 1. मोटरीची घरघर अडवायला हे फार चांगलं. पण 3886ला डेटाशीटच सांगते, गेन किमान 10 ठेवा. 5532सारख्या साध्या ऑपअँपला हे चालून जातं, कारण ती एकाच्या गेनलाही स्थिर असते.

2के काढा, 1केचे दोन घाला, मधल्या सांध्यावरून 10 नॅनोफॅरड ग्राउंडला. 50 हर्ट्झला तो कपॅसिटर नसल्यात जमा, 30 किलोहर्ट्झच्या वर गेन जवळजवळ पुरा. सप्लायच्या वायरीत 1 ओहम टाकून मोजा: सिग्नल नसताना चिपमागे 50 मिलिअँपिअर, फार तर 85. आणि ऑसिलोस्कोप नसेल तर जुना मीडियम वेव्ह रेडिओ जवळ न्या, स्टेशन नसलेल्या जागी लावून.

माळ्यावरचा_मिरजकर
काका, पाय कुठं आहेत तुमचे! बदलायच्या आधी मोजलं: दोन्ही मिळून 640 मिलिअँपिअर. रेडिओ वीतभर अंतरावर आणला तर नुसता खवळला. कपॅसिटर घातल्यावर 104, हीटसिंक कोमट, रेडिओ शांत.

मोटर चालू ठेवून बाबांना वर बोलावलं. तंबोरा छेडून ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “जवारी ऐकू येतीय.” जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची ती बारीक झणझण. आमच्याकडं ही मोठी पावती.

20के आणि 1के मॅच करायला लागतील का? मल्टीमीटर अडीचशेवाला आहे.

विश्रामबाग_रिपेअर
करा. घरघरीला फारसा फरक नाही पडणार, पण वरच्या पट्टीत त्या कपॅसिटरमुळं पडतो. मीटर स्वस्तातला चालेल, खरा आकडा कुणाला हवाय? एकाच पट्टीतले वीसेक मोजा आणि एकमेकांशी जुळणारे दोन-दोन काढा. मोजताना बोटांत धरू नका, 20केला तेवढ्यानंही आकडा हलतो.