शब्दचर्चा: ‘डेटा इज’ की ‘डेटा आर’? इंग्रजी अनेकवचनांची तऱ्हा

प्रश्न: इंग्रजीत ‘डेटा इज’ लिहायचं की ‘डेटा आर’? ‘अजेंडा’ला सगळे बिनदिक्कत एकवचनी क्रियापद लावतात, मग ‘क्रायटेरिया इज’ लिहिलं की ते चूक का ठरतं? तिन्ही शब्द आकारान्तच तर आहेत.

उत्तर: ‘डेटा’ आणि ‘अजेंडा’ लॅटिनमधले, ‘क्रायटेरिया’ ग्रीकमधला, आपापल्या भाषेत तिन्ही अनेकवचनंच. पण मूळ भाषेवरून निकाल लागत नाही. त्या शब्दाचं एकवचन आजच्या इंग्रजीत चालतं का, ते पाहायचं. ‘अजेंडम’ कोणी म्हणत नाही, त्यामुळे ‘अजेंडा’ एकवचनी झाला आणि त्याचं ‘अजेंडाज’ असं नवं अनेकवचनही तयार झालं. ‘क्रायटेरिअन’ मात्र रोजच्या वापरात आहे, म्हणून ‘क्रायटेरिया’ अनेकवचनीच राहिला. ‘फिनॉमिनन–फिनॉमिना’ आणि ‘बॅक्टेरियम–बॅक्टेरिया’ यांचंही तेच. मराठीत ‘हा बॅक्टेरिया’ खुशाल म्हणावं, इंग्रजीत नको.

‘डेटा’ या दोन गटांच्या मध्ये आहे. ‘डेटम’ फार क्वचित दिसतो. शास्त्रीय लेखनात अनेक जण अजूनही ‘डेटा आर’चा आग्रह धरतात, संगणकाच्या क्षेत्रात आणि रोजच्या लेखनात ‘डेटा इज’ रुळला आहे. दोन्ही बरोबर. एका लेखात एकच ठेवा, एवढं पुरे.

या गटातला माझा सर्वांत आवडता शब्द ‘स्टॅमिना’. लॅटिनमध्ये ‘स्टेमेन’ म्हणजे धागा आणि ‘स्टॅमिना’ हे त्याचं अनेकवचन. इंग्रजीत फुलातल्या पुंकेसराला ‘स्टेमेन’ म्हणतात, तर ‘स्टॅमिना’ म्हणजे दमसास. एकाच शब्दाच्या दोन वचनांचे दोन स्वतंत्र शब्द झाले, आणि पुंकेसराचं अनेकवचन आता ‘स्टेमेन्स’ असं होतं!

प्रश्न: हे झाले परभाषेतले शब्द. ‘फूट–फीट’, ‘चाइल्ड–चिल्ड्रन’ तर अस्सल इंग्रजी. तिथे ‘एस’ का नाही?

उत्तर: हे शब्द लहरी वाटतात, पण प्रत्येकामागे कारण आहे. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत ‘फूट’च्या अनेकवचनाच्या प्रत्ययात ‘इ’ होता. त्या ‘इ’च्या ओढीने आधीचा स्वर बदलला. पुढे प्रत्यय झिजून गेला, बदललेला स्वर तेवढा उरला. ‘मॅन–मेन’, ‘गूस–गीस’, ‘माउस–माइस’ याच वाटेने आले. ‘बुक’चंही जुन्या इंग्रजीतलं अनेकवचन ‘बेच’ असं होतं. नंतर ‘एस’ने ती जागा घेतली. ‘मूस’ हा प्राणिवाचक शब्द उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषांमधून बऱ्याच उशिरा आला, म्हणून ‘गूस’शी यमक जुळूनही त्याचं ‘मीस’ होत नाही.

‘चिल्ड्रन’ तर दुहेरी अनेकवचन आहे. जुनं रूप ‘चिल्ड्रु’. त्यातला ‘र’ अनेकवचनाचाच. लोकांना ते अनेकवचन आहे असं वाटेनासं झालं, तेव्हा ‘ऑक्सन’मध्ये दिसतो तसा ‘एन’ वर आणखी जोडला गेला.

प्रश्न: मराठीभाषकांची हमखास चूक कोणती?

उत्तर: ‘वन ऑफ माय फ्रेंड’. आपण ‘माझा एक मित्र’ म्हणतो, त्यात मित्र एकवचनी असतो. तोच साचा इंग्रजीत उतरतो. इंग्रजी रचना ‘माझ्या मित्रांपैकी एक’ अशी आहे. म्हणून नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी: ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’. ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’, ‘अॅडव्हाइस’ यांना ‘एस’ लावणं ही दुसरी चूक. ‘दोन सल्ले’ मराठीत सहज होतात, इंग्रजीत मात्र ‘टू पीसेस ऑफ अॅडव्हाइस’ म्हणावं लागतं.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी शिकवत नाही. मराठीत दीडपर्यंत एकवचन चालतं: ‘सव्वा महिना’, ‘दीड महिना’, मग ‘अडीच महिने’. इंग्रजीत एकाच्या पुढे जरा सरकलं की नाम अनेकवचनी: ‘वन अँड अ हाफ मंथ्स’. ‘मंथ’ आधी आला तर मात्र ‘अ मंथ अँड अ हाफ’, तिथे ‘एस’ नाही.