विषय: लॅब्रॅडॉरचं पिल्लू घ्यायचंय, ब्रीडर कसा पारखावा?

सर्व सभासदांना नमस्कार,

घरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणायचं ठरतंय. बडोद्यातल्याच एका विक्रेत्याकडे 38 दिवसांची पिल्लं आहेत. व्हिडिओ पाठवलेत, पिल्लं छान दिसतात. पेपरसह (जातीच्या नोंदणीचे कागद) एक भाव आणि पेपरविना दुसरा. घरी यायची गरज नाही, हायवेवर आणून देतो म्हणतो. टोकन आजच मागतोय. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

– मांजलपूर

---

उत्तर: लॅब्रॅडॉरचं पिल्लू

ताई, नमस्कार.

टोकन देऊ नका. 38 दिवस, दोन भाव आणि हायवे, यातली एकेक गोष्टसुद्धा नकार द्यायला पुरेशी आहे.

आधी वय. श्वान प्रजनन व विक्रीबाबतचे केंद्राचे 2017 चे नियम आहेत. त्यांनुसार 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. त्यामागे कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांशी मस्ती करताना चावा किती जोरात घ्यायचा ते शिकतात. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ थांबतो. लवकर तोडलेलं पिल्लू हे शिकत नाही आणि पुढे घरातल्या मुलांचे हात फोडतं. विक्रेत्याला घाई असते, कारण याच दिवसांत पिल्लांचं खाणं वाढतं आणि लसींचा खर्च सुरू होतो.

आता दोन भाव. केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्यांच्या जातीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंद अख्ख्या वेताची होते आणि त्यासाठी आई-बाप दोघांची नोंद आधी असावी लागते. मग एकाच वेतातलं एक पिल्लू पेपरवालं आणि दुसरं बिनपेपरचं कसं? बहुधा दुसऱ्याच वेताचे पेपर हातात ठेवले जातात. पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा 15 आकडी नंबर पेपरवर असतो. पशुवैद्याकडे स्कॅनर असतो. खांद्यांच्या मधोमध फिरवून नंबर जुळवून घ्या. चिप पाकिटात घालून 'नंतर बसवून घ्या' म्हणाला तर तिथूनच परत फिरा. आणि एवढं सगळं जुळलं तरी पेपर वंशावळ सांगतो, तब्येत नाही.

तब्येत कळते आईवरून. त्यामुळे पिल्लू बघायला जाऊ नका, आई बघायला जा, आणि ती राहते तिथेच, हायवेवर नाही. बाप बाहेरचा असू शकतो, त्यात वावगं काही नाही. त्याचा फोटो आणि नोंदीची नक्कल मागा. आई मात्र दिसलीच पाहिजे. दुसरीच कुत्री पुढे करतात, म्हणून तिची आचळं बघा. पाजणारी असेल तर ती लोंबलेली असतात, पिल्लं तिला बघताच पोटाखाली घुसतात. ती थोडी रोडावलेली असेल, केस गळत असतील, त्याला घाबरू नका. व्याल्यानंतर तसं होतंच. ती माणसाला बघून कोपऱ्यात दबत असेल किंवा अंगावर येत असेल, तर मात्र विचार करा. पिल्लांच्या स्वभावात आईचा वाटा मोठा असतो.

आईच्या लसकार्डावरची जन्मतारीख आणि मागच्या वेताची तारीख विचारा. नियमानुसार 18 महिन्यांआधी आणि 8 वर्षांनंतर वेत घेता येत नाही, वर्षात एकापेक्षा जास्त नाही, आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच. राज्य प्राणी कल्याण मंडळाच्या नोंदणीचं प्रमाणपत्र त्याच जागेत लावलेलं असायला हवं.

लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा डिसप्लेशिया (सांधा नीट न बसणं) आनुवंशिक असतो. आई-बापाचे 2 वर्षं पूर्ण झाल्यावर काढलेले एक्स-रे आहेत का ते विचारा. आपल्याकडे फार थोडे ब्रीडर ते काढतात. ज्याच्याकडे आहेत, त्याच्या पिल्लासाठी चार महिने थांबावं लागलं तरी थांबा, असं माझं ठाम मत आहे.

– कारेलीबाग

---

उत्तर: लॅब्रॅडॉरचं पिल्लू

काकांनी लिहिलं ते सगळं योग्य. लसकार्डाबद्दल भर घालते.

कार्डावर पेनाने नुसतं 'पहिली लस दिली' लिहिलेलं चालत नाही. लसीच्या बाटलीवरचं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात. त्यावर बॅच नंबर असतो, शेजारी तारीख, पशुवैद्याची सही आणि शिक्का. 8 आठवड्यांच्या पिल्लाला निदान सहाव्या आठवड्याची पपी डीपी (डिस्टेंपर आणि पार्वो या जीवघेण्या रोगांवरची लस) झालेली असावी आणि दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला अडवते, म्हणून 16 आठवड्यांपर्यंत पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागतात. 'सगळ्या लसी झाल्या' असं 8 आठवड्यांच्या पिल्लाबद्दल कोणी सांगितलं तर ते खरं नाही.

पिल्लू हातात घेऊन बघा: हिरड्या गुलाबी हव्यात, फिकट नकोत. बाकी अंग रोड आणि पोट तेवढं डब्ब असेल तर जंत. शेपटीखाली केस चिकटलेले असतील तर जुलाब. बेंबीपाशी मऊ गाठ लागली तर पशुवैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. जागेला फिनेलचा भपकारा येत असेल तर त्याला स्वच्छता समजू नका. पार्वोचा विषाणू फिनेलला दाद देत नाही, त्याला पातळ केलेलं ब्लीच लागतं.

पार्वोची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण 3 ते 7 दिवस जातात, कधी त्याहून जास्त. म्हणजे घेताना उड्या मारणारं पिल्लू चौथ्या दिवशी आडवं पडू शकतं. विक्रेते 'चोवीस तासांची गॅरंटी' देतात तिचा म्हणून काही उपयोग नाही. पावतीवर निदान 10 दिवस लिहून घ्या: या मुदतीत पशुवैद्याच्या तपासणीत पार्वो किंवा डिस्टेंपर निघाला तर पैसे परत. त्याच पावतीवर पिल्लाची जन्मतारीख, चिप नंबर, आई-बापाचे नोंदणी क्रमांक आणि विक्रेत्याची सही असू द्या. टोकन द्यायचंच असेल तर आई बघून झाल्यावर, आणि त्याचीही पावती घेऊन.

– दांडिया बाजार