रिमलेससाठी ट्रायवेक्स, पॉली की 1.67? भोकापाशी काच तडकली आहे

रातवाचक
उजवा नंबर −4.50, डावा −3.75, सिलिंडर दोन्हीकडे थोडासाच. सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा रिमलेस (काचेभोवती कडी नाही, काचेला भोक पाडून स्क्रूने जोडलेला) घेतला. फ्रेम पाहताक्षणी आवडली होती, काचेचा विचार मी केलाच नाही. बिलावर नुसतं 'प्लास्टिक 1.50' असं लिहिलंय. परवा पुसताना उजव्या काचेत नाकाकडच्या भोकापासून कडेपर्यंत गेलेली बारीक रेष दिसली. काल ती काच तिथूनच सुटली. चष्मा पडला नव्हता, आपटला नव्हता.

आता नवीन काचा घ्यायच्या आहेत. एकजण सांगतो पॉली (पॉलीकार्बोनेट) घ्या, दुसरा म्हणतो 1.67 शिवाय (हा आकडा जितका मोठा तितकी काच पातळ) कडा जाड दिसतील, तिसऱ्याने ट्रायवेक्स या चिवट प्लास्टिकचं नाव काढलं. काडीच्या आत 54-18 छापलंय, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) 62 आहे. दिवसभर स्क्रीनसमोर असते आणि रात्री आडवी होऊन वाचते. हा चष्मा सोडायची इच्छा नाही, चेहऱ्यावर काही घातलंय असं वाटतच नाही. की सरळ सुप्रा घ्यावा?

अधिक_अडीच
माझा नंबर प्लसचा, +2.50, आणि चष्मा सुप्रा, म्हणजे वरून फ्रेम आणि खालून नायलॉनचा दोरा. तुमच्या उलट गणित. मायनसची काच कडेला जाड असते, माझी कडेलाच पातळ. दोरा बसायला काचेच्या जाडीत खाच पाडतात, त्यासाठी कडेला साधारण 2 मिलिमीटर तरी लागतात. माझ्या पहिल्या काचेत तेवढी जाडी नव्हती, खाचेचा ओठ खालून टवका निघून गेला. प्लसवाल्यांनी ऑर्डर देतानाच फ्रेमचा आकार कळवून कमीत कमी कडा किती हवी ते लिहून घ्यावं. तशी बनवून घेतलेली काच मधेही उगाच फुगत नाही.

काचकाम
ताई, मी बावीस वर्षं काचा घासणं, खाच मारणं आणि भोकं पाडणं हेच काम केलं. तुमच्या काचेचं जे झालं ते 1.50 मध्ये मी इतक्या वेळा पाहिलंय की वाचून वाईट वाटलं. ही काच रिमलेसमध्ये बसवायलाच नको होती. ती नजरेला अतिशय स्वच्छ असते, पूर्ण फ्रेममध्ये मी आजही तीच सुचवीन. पण ती ठिसूळ आहे. भोक पाडताना कडेला दिसणार नाही असा चरा राहतो. तुम्ही चष्मा काढता-घालता तेव्हा काडी उघडण्याचा सगळा ताण स्क्रूमार्गे त्या भोकावर येतो आणि चरा रोज थोडा पुढे सरकतो. आपटावं लागत नाही.

म्हणून रिमलेसमध्ये पहिला प्रश्न 'किती पातळ' हा नाही. भोकाजवळ काच किती चिवट राहील, हा आहे. त्यात ट्रायवेक्स सगळ्यांच्या पुढे. पॉलीसुद्धा आघाताला जबरदस्त, दगड लागला तरी सहसा फुटणार नाही. पण भोकाभोवती सतत दाब राहिला, स्क्रू जास्त आवळला गेला किंवा ॲसिटोनसारखं द्रावण लागलं, की पॉलीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. नेलपॉलिश काढायच्या बाटलीपासून ती दूरच ठेवावी.

दुसरं, तुम्ही वाचणाऱ्या आहात. काचेच्या कडेतून पाहताना अक्षरांना निळी-पिवळी किनार दिसते ती काच रंग किती फाकवते त्यावर ठरते. त्याचा आकडा म्हणजे ॲबे, जितका मोठा तितकं चांगलं. 1.50 चा 58, ट्रायवेक्सचा 43 ते 45, पॉलीचा 30, 1.67 चा 32 च्या आसपास. आडवं होऊन वाचताना आपण नेमके काचेच्या खालच्या भागातून बघतो, तिथे हा फरक जाणवतो.

आता जाडी. तुमचे आकडे दिलेत म्हणून हिशोब करून पाहिला. सिलिंडर सोडून, मधली जाडी 2 मिलिमीटर धरली आहे. 54-18 म्हणजे काच 54 रुंद आणि नाकावरचा पूल 18, म्हणून दोन काचांच्या मध्यांत 72 चं अंतर, तुमची पीडी 62. म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य 5 मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागला आणि कानाकडची कडा तितकीच लांब पडली. उजवी काच तिथे ट्रायवेक्समध्ये सुमारे 6.3 मिलिमीटर होईल, पॉलीत 5.9, 1.67 मध्ये 5.4. पण काच 54 ऐवजी 50 रुंद कापली, तर ट्रायवेक्ससुद्धा 5.3 वर येते! म्हणजे महागडं मटेरियल जे देतं ते चार मिलिमीटर रुंदी कमी करूनच मिळालं. आणि रिमलेसचं खरं सुख हेच आहे, काचेचा आकार फ्रेम ठरवत नाही, आपण ठरवतो. पूल आणि काड्या त्याच ठेवून वेगळा आकार कापता येतो. एकच पाहा, चष्मा एकूण 8 मिलिमीटर अरुंद होईल, तेव्हा काड्या कानशिलावर दाबणार नाहीत ना हे आधी तपासा.

कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपरा मध्यापासून सर्वांत लांब असतो, म्हणून तोच जाड होतो.

स्वच्छनजर
काकांच्या मताला थोडा विरोध. मी −6.00 वर 1.67 चा रिमलेस चार वर्षं वापरतोय, भोकं शाबूत आहेत.

काचकाम
बरोबर, 1.67 मध्ये भोक टिकतं, आणि −6.00 ला मीही तेच दिलं असतं. 1.60 मधली एमआर-8 ही त्याहून मला आवडते, भोक सुरेख पडतं आणि ॲबे 41. ट्रायवेक्स मिळाली नाही तर ताईंनी बेधडक ती घ्यावी. 1.74 मात्र या नंबराला नको. ती पातळ आहे, पण तिला भोकाचा ताण सोसत नाही.

रातवाचक
काका, मनापासून धन्यवाद. कागदावर 50 चा लंबगोल कापून जुन्या काचेवर ठेवून आरशात पाहिला, शोभतो. काड्या जुन्याच ठेवून कानशिलाला लावून पाहिल्या, जागा आहे. ट्रायवेक्सच घेते. कडा पॉलिश करून घेऊ का? आणि सुप्राचं काय?

काचकाम
हलकी पॉलिश घ्या, भोकाच्या आतूनही, चरा उरत नाही. आरशासारखी चकचकीत नको, मायनसच्या काचेत कडेचा उजेड आत परततो आणि गोल गोल वलयं दिसतात. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग दोन्ही बाजूंनी. स्क्रूखाली प्लास्टिकची बुशिंग, म्हणजे बारीक नळी, आहे का ते बसवताना समोर उभं राहून बघा, धातू थेट काचेला टेकता कामा नये.

सुप्राला भोक नसतं, त्यामुळे तिथे काचेची निवड सोपी, आणि तुमच्या नंबराला खाचेपुरती जाडी आपोआप मिळते. दोरा तेवढा वर्षातून एकदा बदलायचा. पण तुम्हाला चेहऱ्यावर काही नकोच असेल तर रिमलेसच ठेवा. फक्त दोन्ही हातांनी काढा. एका हाताने ओढला की एकाच भोकावर पीळ येतो, आणि तुमची तुटलेली काचही उजवीच आहे. काढताना उजवा हात वापरता का?

रातवाचक
हो. नेहमी उजवाच.